चरबीचा टक्का छापताना तो कशाने मोजला तेही छापा

संपादक महोदय,
नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागे एका तरुणाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की तीन महिन्यांत त्याने बॉडी फॅट ३२ टक्क्यांवरून २४ वर आणलं. पोराने मेहनत घेतलीय हे फोटोतच दिसतं, त्याबद्दल शंकाच नाही, पण हे ३२ आणि २४ मोजले कशाने ते अख्ख्या लेखात कुठेच नव्हतं. जिममधल्या कातडीची घडी मोजायच्या चिमट्याने, पायाखालच्या काट्यावर, का डेक्सा नावाचा एक्स-रे स्कॅन करून? दोन्ही वेळा मशीन एकच होतं का? हे माहीत नसेल तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून काहीच हाती लागत नाही. वाचकांना हे कोणीतरी नीट सांगायला पाहिजे असं मला फार दिवस वाटतंय म्हणून लिहायला बसलो, पत्र लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

मी महाप्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं कॅलिब्रेशनचं काम केलं, प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे तपासायचे आणि सर्टिफिकेट द्यायचं. त्या कामात एक गोष्ट अंगात भिनते ती म्हणजे कुठलाही आकडा एकटा लिहायचा नाही, कशाने मोजला आणि कमी-जास्त किती धरायचं ते सोबत पाहिजेच, नाहीतर वरचा माणूस सही करत नाही. आणि दुसरी म्हणजे मशीन दरवेळी तोच आकडा दाखवतं म्हणून तो बरोबर असतो असं नाही, रोज सारखंच चुकणारी गेजही असतात. साध्या भाजीवाल्याच्या काट्यालासुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, २००९ चा कायदा आहे त्यासाठी, आणि ते जमतं कारण वजनाला शेवटी एक पक्कं माप आहे ज्याच्याशी काटा ताडून बघता येतो. चरबीच्या टक्क्याचं तसं नाही. जिवंत माणसाच्या अंगातली चरबी काढून तोलता येत नाही, त्यामुळे जी जी पद्धत आहे ती दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा हिशोब मांडते. त्यातल्या काही चांगल्या आहेत, काही कामचलाऊ, पण हिशोब सगळ्याच मांडतात, आणि ही गोष्ट मशीनवर उभं राहणाऱ्याला कोणी सांगत नाही.

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सकाळच्या वॉकच्या जागी, गार्डनच्या गेटवर, सोसायटीच्या क्लबहाउसमधे टेबल लावून फ्री बॉडी चेकअप चालतं ते तुमच्या वाचकांनी पाहिलंच असेल. चप्पल काढून काट्यावर उभं राहायचं, अर्ध्या मिनिटात फॅट, मसल, व्हिसरल फॅट म्हणजे आतड्यांभोवतीची चरबी, बॉडी एज असं सगळं लिहिलेला कागद हातात येतो आणि लगेच शेजारी पावडरच्या डब्याची गोष्ट सुरू होते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींचं वय ४४, त्यांना बॉडी एज ५८ असं लिहून दिलं, त्यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की दोन दिवस धड जेवल्या नाहीत. हे बॉडी एज म्हणजे वय, वजन, उंची आणि तो फॅटचा अंदाज घेऊन काढलेली आकडेमोड असते, प्रत्येक कंपनीचं गणित आपापलं, वैद्यकशास्त्रात त्याचं ठरलेलं असं काही माप नाही. एखाद्या बाईला तिच्या वयापेक्षा चौदा वर्षं म्हातारी ठरवून मग डबा विकायचा, हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

त्या काट्यात नेमकं होतं काय ते सांगतो. एका पायातून अगदी कमी करंट सोडतात, बहुतेक मशीनमधे ५० किलोहर्ट्झचा, तो दुसऱ्या पायातून परत येतो, आणि वाटेत किती अडला ते मोजलं जातं, प्रत्यक्ष मोजमाप एवढंच. स्नायूंमधे पाणी आणि क्षार भरपूर म्हणून करंट सहज जातो, चरबीत पाणी कमी म्हणून अडतो. पुढे मशीन तुम्ही टाइप केलेली उंची, वय, स्त्री का पुरुष आणि वजन हे सगळं सूत्रात घालतं, त्यावरून अंगात पाणी किती असेल ते काढतं, चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून चालतं, त्यावरून चरबीशिवायचं वजन, आणि ते एकूण वजनातून वजा केलं की जे राहिलं ती चरबी. म्हणजे चरबी कुठे मोजलीच नाही, ती वजाबाकी करून उरलेली आहे, आणि आधीच्या पायऱ्यांत जेवढी गफलत झाली असेल ती सगळी तिच्यात येऊन पडते.

घरात असा काटा असेल तर स्वतः करून बघा. एकदा नेहमीसारखं उभं राहा, मग सेटिंगमधे वय दहा वर्षांनी कमी करा किंवा उंची पाच सेंटिमीटरने वाढवा आणि परत उभं राहा. काही काट्यांत ॲथलीट मोड असतो, तो ऑन करा आणि बघा. पाय तेच, मिनिटही तेच, आणि फॅटचे टक्के बदललेले दिसतील. जे बदललं ते सूत्रातलं होतं, तुमच्या अंगातलं नव्हतं.

पाण्याचा मुद्दा तर आपल्याकडे फारच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात इथल्या दमट हवेत अर्धा तास चाललं की शर्ट पिळून काढावा लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की करंट जास्त अडतो आणि चरबी वाढलेली दिसते, आणि उलट नुकतंच चालून आलेलं असलं, कातडी गरम झालेली आणि रक्त वर आलेलं असलं की अडथळा कमी होतो आणि चरबी कमी झालेली दिसते. म्हणजे एकाच सकाळी दोन्ही बाजूंनी खेचाखेची. कोणी एकादशीचा उपास धरलेला, कोणी दोन कप चहा पिऊन आलेला, कोणाच्या टाचांना भेगा आणि पाय कोरडे ठणठणीत, बायकांना पाळीच्या आधी अंगावर पाणी धरलेलं, आणि सगळ्यांना एकच रांग आणि एकच काटा. आणि डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं, कारण स्नायूत आणि लिव्हरमधे साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं, काटा मात्र त्याला मसल गेलं म्हणतो आणि माणूस घाबरून प्रोटीनचा डबा घेतो.

याहून मोठी अडचण अशी की नुसत्या पायांच्या काट्यात करंट एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो, पोटातून जवळपास जातच नाही, आणि आपल्या लोकांची चरबी असते पोटावर. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे शीत एका पातेल्यातलं आणि भात दुसऱ्याच पातेल्यातला असं झालंय. हातात दांडे धरायचे असतात ती आठ इलेक्ट्रोडची मशीनं त्यातल्या त्यात बरी, हात, पाय, धड वेगळं बघतात, पण तिथेही शरीराचं जवळपास निम्मं वजन धडात असूनसुद्धा एकूण अडथळ्यात धडाचा वाटा साधारण १० टक्केच असतो, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त बघायला पाहिजे तिथलाच सिग्नल सगळ्यात बारीक. त्यामुळे कागदावरचं ते व्हिसरल फॅट लेव्हल ९ किंवा १४ हेही सूत्रातूनच आलेलं असतं. आतड्यांभोवतीची चरबी खरोखर बघायची तर सीटी किंवा एमआरआय लागतो, कमरेजवळचा आडवा छेद घेऊन, आणि नुसतं तेवढ्यासाठी कोणी सीटी करून घेऊ नये हेही सांगतो, रेडिएशन उगाच कशाला.

मग चांगलं काय, तर लोक डेक्साचं नाव घेतात. ते मशीन मुळात हाडांची घनता बघायला बनलं, दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे अंगातून जातात आणि हाड, चरबी, बाकीचं मांस हे त्यांना वेगवेगळं अडवतात, त्यावरून फोड होते. रेडिएशन फार थोडं, छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी पडतं साधारणपणे, तरी गरोदर बाईने करू नये. मला या मशीनबद्दल आदर आहे कारण चांगल्या सेंटरमधे रोज सकाळी फँटम म्हणून एक ठरलेला नमुना ठेवून आधी मशीन तपासतात आणि मगच पेशंट घेतात. पण तिथेही जिथे हाड मधे येतं त्या ठिकाणी चरबी आणि मांस वेगळं दिसत नाही, आजूबाजूच्या भागावरून धरावं लागतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकाच माणसाचे आकडे वेगळे येतात. पहिला स्कॅन ठाण्यात आणि दुसरा वाशीला दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर केला आणि दोन टक्के कमी झाले म्हणून पेढे वाटले, असं करू नका. अजून एक, डॉक्टर हाडांसाठी खुबा आणि मणक्याची डेक्सा लिहून देतात त्यात फॅटचे टक्के मिळत नाहीत, त्यासाठी होल बॉडी वेगळी सांगावी लागते.

डेक्साच्या आधी कित्येक वर्षं खरं माप म्हणून पाण्याखालचं वजन मानायचे. आर्किमिडीजचंच तत्त्व, चरबीची घनता साधारण ०.९, बाकी शरीराची १.१, माणसाला पाण्यात बुडवून तोललं की त्याची सरासरी घनता निघते. १९६१ मधे सिरी नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं सूत्र दिलं, ४९५ ला घनतेने भागा आणि ४५० वजा करा. मी हे कागदावर करून बघितलं आणि कॅलिब्रेशनवाला म्हणून दचकलोच. घनता १.०५ असेल तर चरबी २१.४ टक्के, १.०६ असेल तर १७.० टक्के. घनतेत जेमतेम एक टक्का फरक आणि उत्तरात सव्वाचार टक्क्यांहून जास्त! आणि पाण्यात श्वास पूर्ण सोडूनही फुप्फुसात लिटरभराहून जास्त हवा राहतेच, आतड्यात गॅस असतो, ते सगळं अंदाजाने वजा करायचं. त्यातून ज्याची हाडं जास्त घट्ट त्याचं १.१ हे गृहीतच चुकतं, काही कसलेल्या फुटबॉल खेळाडूंची चरबी या सूत्राने शून्याच्याही खाली आलेली आहे, जे शक्यच नाही.

आणि हे ०.९ नि १.१ आले कुठून? बोटावर मोजण्याइतक्या मृतदेहांच्या तपासणीतून. पुढे बेल्जियमला ब्रसेल्समधे १९८० च्या आसपास संशोधकांनी २५ देहदान केलेल्या लोकांचे देह थर थर वेगळे करून, प्रत्येक भाग तोलून बघितलं, अतिशय कष्टाचं काम, ते करणाऱ्यांना आणि देह देणाऱ्यांनाही माझा नमस्कार. त्यांना आढळलं की चरबी सोडून उरलेलं शरीर सगळ्यांचं सारख्या घनतेचं नसतं आणि कातडीची घडी दाबल्यावर किती चेपते तेही माणसागणिक आणि जागेगणिक बदलतं. म्हणजे साखळी अशी की चेकअपच्या टेबलावरच्या काट्याचं सूत्र ताडलेलं असतं डेक्साशी किंवा पाण्याखालच्या वजनाशी, आणि त्या पाण्याखालच्या वजनाचं गणित उभं आहे थोड्याशा युरोप-अमेरिकेतल्या देहांवर. आमच्या कॅलिब्रेशनच्या कामात अशी साखळी असली की प्रत्येक कडीची गफलत धरून शेवटचा आकडा लिहायचा नियम होता. इथे शेवटच्या कडीला ३१.७ टक्के असं दशांशासकट लिहून देतात.

चिमट्याचं थोडक्यात सांगतो. दंडावर पुढे-मागे, पाठीच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर कातडीची घडी धरून कॅलिपरने जाडी मोजायची, डर्निन आणि वॉमर्सली यांनी १९७४ मधे ग्लासगोच्या ४८१ लोकांवर त्याची कोष्टकं बनवली आणि प्रामाणिकपणे लिहिलं की बायकांत साधारण साडेतीन आणि पुरुषांत पाच टक्के इकडे-तिकडे होणार. हे प्लस-मायनस म्हणजे बाहेरची सीमा नव्हे, साधारण तीनातला एक माणूस त्याच्याही बाहेर पडतो. मोजणारा हात शिकलेला असेल आणि दरवेळी तोच असेल तर ही पद्धत मला आवडते, पण टक्के काढूच नका, घडीचे मिलिमीटर बेरीज करून लिहून ठेवा, दोन महिन्यांनी बेरीज कमी झाली तर कमी झालं, त्यात ग्लासगोचं कोष्टक मधे येत नाही. स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅलिपरचा दाब दरवेळी बदलतो हे मात्र लक्षात ठेवा.

आता कोणी म्हणेल मग बीएमआय काय वाईट, तर बीएमआयमधे चरबी येतच नाही, वजन आणि उंची एवढंच. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय जवळपास सारखाच, २२ च्या आसपास. दोघांची डेक्सा केली तर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांचे फोटो आणि आकडे २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात दिसलं होतं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, पण पाठीवरच्या घडीतली चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे हडकुळी दिसूनही चरबी राखून असणं हे आपल्याकडे जन्मापासूनच आहे. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात, जिथे बाकी जगात २५ धरतात. बारीक हातापायाचा, पोट सुटलेला, ट्रान्स-हार्बर लोकलने रोज बसून जाणारा ऑफिसवाला माणूस पायाच्या काट्यावर उभा राहिला की पाय बारीक आणि वजनही फार नाही म्हणून त्याला "नॉर्मल" मिळण्याची शक्यता आहे, आणि खरी काळजी त्याचीच घ्यायला पाहिजे.

म्हणून मी सगळ्यांना टेप वापरायला सांगतो. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत, हे आपल्या लोकांसाठी ठरलेलं आहे, किंवा आणखी सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी पाहिजे, उंची पाच फूट चार इंच म्हणजे ६४ इंच तर कंबर ३२ च्या आत. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडला की वाचायची, पोट आत ओढायचं नाही. पँटची साइज सांगू नका, आपले पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात, ३४ ची पँट घालणाऱ्याची कंबर ३८ निघालेली मी बघितलीय. आणि शिवणकामाच्या डब्यातली जुनी टेप असेल तर आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा, जुन्या टेपा ताणून लांब होतात आणि कंबर कमी दाखवतात. टेपलासुद्धा आतली चरबी आणि कातडीखालची चरबी वेगळी कळत नाही, जेवल्यावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं, हे सगळं खरं, पण ती जे सांगते ते प्रत्यक्ष मोजलेलं असतं आणि नेमक्या त्या जागेचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ च्या फेरीत पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले, तर कंबर आणि नितंब यांच्या प्रमाणात ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेच्या पलीकडे निघाले. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या तज्ज्ञांच्या आयोगानेही हेच सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून कोणाला लठ्ठ ठरवू नका, जोडीला कंबर बघा किंवा डेक्सासारख्या पद्धतीने चरबी तपासा.

ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी तो फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. तोच काटा, सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, आठवड्यातून एकदा, आणि महिन्या-दोन महिन्यांची दिशा बघा, एक-दीड टक्क्याच्या चढ-उताराला काही अर्थ नाही. दुसऱ्याच्या काट्यावरच्या आकड्याशी तुलना तर अजिबात नको.

तुमच्याकडे माझी विनंती आहे की पुरवणीत इथून पुढे कोणाचाही फॅटचा टक्का छापलात, नट असो, खेळाडू असो, का शेजारचा मुलगा, तर सोबत कशाने मोजला ते एका ओळीत छापा, आणि दोन आकडे असतील तर दोन्ही एकाच मशीनवरचे आहेत का तेही. ते विचारायला तुमच्या वार्ताहराला एक मिनिट लागेल. आणि ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या उद्यान विभागाला माझं सांगणं आहे की गार्डनमधे किंवा गेटवर अशा चेकअपला परवानगी देताना एक अट घाला, जो तपासतो त्याने त्याच जागी काही विकायचं नाही, आणि कागदावर नुसतं ३१.७ न लिहिता "साधारण २८ ते ३५" असं लिहायचं.

शेवटी एक तातडीचं. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी या करंटवाल्या काट्यावर उभं राहायचं नसतं, गरोदर बायकांनीही नाही, मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. सकाळी वॉकला येणाऱ्यांत सत्तरीचे कितीतरी लोक असतात आणि मी बघितलेल्या एकाही टेबलावर चप्पल काढायला सांगायच्या आधी हे कोणी विचारत नव्हतं. टेबलासमोर मोठ्या मराठी अक्षरात हा बोर्ड लावणं सक्तीचं करा, आणि तोपर्यंत तुम्ही तरी तो मजकूर पुरवणीत चौकटीत छापा.

आपला,
एक नियमित वाचक
नेरुळ, नवी मुंबई